हिरव्या दिव्याचा भरोसा

रफीक,

तुला मिट्टी देऊन आलो त्याला आज आठ दिवस झाले. लोक विचारतात, "मनोहरभाऊ, तुमच्या डोळ्याले पाणी नाई आलं?" काय सांगू त्यांना? रडायला मन जागेवर लागतं, आणि माझं मन त्या दिवशी मूल गावाला होतं. कबरस्तानात सगळे तुझ्यासाठी हात उचलून उभे होते आणि मी त्यांच्यात उभा राहून तिथल्या पोरींच्या होस्टेलचा विचार करत होतो. सागाचा लाकडी माळा, प्लायवूडच्या खोल्या, वर झोपणाऱ्या चाळीस पोरी. माझी मातीची मूठ कबरीबाहेरच सांडली तेव्हा तुझ्या भावाने माझा खांदा धरला. त्याला वाटलं दुःखाने सांडली. दुःख होतंच रे, पण त्याच्या आधी भीती होती. आपल्या जिगरी दोस्ताच्या मातीला उभा राहून मी स्वतःसाठी घाबरत होतो, हे आज तुलाच सांगतो, कारण दुसऱ्या कोणाला सांगायची हिंमत नाही.

तुला आठवतं ना, ती इमारत आपण पहिल्यांदा पाहिली तो दिवस? खाली जुन्या राईस मिलची कचेरी, वर धानाचं गोदाम. गोदामाचं होस्टेल करायचं संस्थेने ठरवलं, आणि फायरचे साहेब येऊन सांगून गेले की धुराचे डिटेक्टर लावा, बाहेरून लोखंडी जिना काढा, तरच परवानगी. तू आत शिरलास आणि आधी वर बघितलंस. लाकडी पट्टीतून गेलेली बापजाद्यांच्या काळची वायरिंग, जिथे हात लावावा तिथे तारेवरचा कापूस गळतोय. मी म्हणालो, आहे त्याच पट्टीतून डिटेक्टरची तार नेऊ, भिंती फोडायला नकोत. तू माझ्याकडे असं बघितलंस की जणू मी तुझ्या घरून बकरा चोरून नेतोय.

"मन्या, आग लागली त पह्यले हेच वायरिंग जळन. मंग घंटी कोण वाजवन, तुया बाप?"

मग तारेसाठी वेगळा लोखंडी पाइप आला, त्याला लाल रंग आला, आणि तीन दिवस स्टुलावर उभं राहून माझी मान आखडली. वरच्या मजल्यावर आठ डिटेक्टर, सगळे एका लाइनीवर. शेवटच्या डिटेक्टरच्या बुडात तू तो बोटाच्या पेराएवढा रेझिस्टर बसवलास. शालूबाई, तिथल्या गृहपाल, खालून बघत होत्या. त्यांनी विचारलं, हे काय? तू त्यांना सांगितलंस की खाली भिंतीवरचं हे पॅनेल दर घडीला आवाज देते, कोणी हाय का? आणि शेवटी बसलेला हा गडी म्हणते, हाव, हाय. तोवर दिवा हिरवा. मधी कुठी तार तुटली की पॅनेलले जवाब येत नाई, मंग पिवळा दिवा लागते. इतक्या सोप्या भाषेत मला आयटीआयच्या मास्तरांनीसुद्धा कधी सांगितलं नव्हतं. मी मात्र तुझी तारीफ केली नाही. म्हणालो, "चाल, बहुत शहाणा झाला."

आणि मग तो कागद. पॅनेलच्या दाराला आतून चिकटवलेला, त्यावर चार चौकटी: तारीख, काय केलं, जोडलं, तपासलं. एकाने जोडायचं आणि दुसऱ्याने तपासायचं. जोडणाऱ्याने स्वतःचं काम तपासायचं नाही, मग तो स्वतः वस्ताद का असेना. हा कायदा तू केलास. मला तो सुरुवातीला अपमान वाटायचा. पण गडचांदूरच्या जुन्या क्वार्टरमध्ये तुझी उलटी लागलेली तार मी पकडली, तेव्हा तू किती खूश झालास! दोन कप चहा पाजलास आणि रस्त्यात भेटेल त्याला सांगत सुटलास की मन्यानं माझी चूक पकडली. माणूस स्वतःच्या चुकीची अशी वरात काढतो हे मी पहिल्यांदा बघितलं.

आता ती गोष्ट, जी मी तुला सांगितली नाही.

आपल्याकडे दिवाबत्तीच्या वेळी धुनी करतात, हे काही तुला सांगायला नको. घमेल्यात गोवरीचा विस्तव, त्यावर कडुनिंबाचा ओला पाला, आणि ते घमेलं खोल्याखोल्यांतून फिरवायचं. गडचिरोलीकडच्या पोरींना तर त्याशिवाय झोप येत नाही, कारण ताप म्हणजे काय ते त्यांच्या घरांनी पाहिलेलं आहे. पावसाळा लागला की होस्टेलमध्ये रोज धुनी, आणि रोज घंटी. पोरी आधी धावत खाली उतरायच्या, मग चालत, मग उतरेनाशा झाल्या. शालूबाईंनी आपल्याला दोनदा बोलावलं. तू म्हणालास, मच्छरदाण्या लावा, धुनी अंगणात करा. मी म्हणालो, लोक पिढ्यान्‌पिढ्या करतात ते तुझ्या म्हणण्याने सोडणार नाहीत.

"मंग काय मशीनले समजावू? बाई, नीमचा धूर आहे, बोंबलू नको?"

"मशीनले समजावाचं नसन त माणसाले तरी समजून घे."

परतीची बस धरली. तू खिडकीकडे तोंड केलंस, मी ड्रायव्हरच्या पाठीकडे. तो वाद तसाच राहिला. खरं सांगू का, अर्धा तूही बरोबर होतास आणि अर्धा मीही. पण तेव्हा आपल्यातला कोणी हे बोलणारा नव्हता.

मग पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, शालूबाईंचा फोन आला. तू मुलीकडे भद्रावतीला होतास. बाई रडकुंडीला आल्या होत्या. "भाऊ, मी घंटीच्या भेवानं धुनी बंद केली, त एक पोट्टी तापानं फणफणली. तिचा बाप येऊन घरी घेऊन गेला. दुसरीले काई झालं त मी तोंड कुठी दाखवू?" मी एकटा गेलो. पॅनेल उघडलं. वरच्या मजल्याच्या दोन्ही तारा काढून टेपने गुंडाळल्या, आणि त्या जागी, पॅनेलच्या आतच, एक रेझिस्टर लावून दिला. पॅनेलने विचारलं, कोणी हाय का? आणि दोन बोटांवर बसलेला माझा गडी म्हणाला, हाव, हाय. हिरवा दिवा लागला. वर आठ डिटेक्टर छताला नुसते चिकटलेले, मेलेले. कागदावर मी काहीच लिहिलं नाही. बाईंना म्हणालो, फक्त आठ दिवस. बाईंनी माझ्यासमोर हात जोडले आणि मला फार बरं वाटलं, हेही लिहून ठेवतो.

त्या आठ दिवसांचे सहा महिने झाले. दसरा गेला, दिवाळी गेली, थंडी गेली. दर आठवड्याला मी ठरवायचो, आणि दर आठवड्याला काहीतरी निघायचं. एकट्याने जाऊन गुपचूप नीट करावं तर तपासलंच्या चौकटीत सही कोणाची घेऊ? तुझी घ्यावी तर तुला सांगावं लागणार. भीती तुझ्या रागाची नव्हती. तू रागावला असतास तर परवडलं असतं. तू गप्प बसला असतास, याची भीती वाटायची. त्या भीतीपायी चाळीस पोरी मेलेल्या डिटेक्टरखाली झोपत होत्या. माझ्या अकलेला काय झालं होतं, मला आजही कळत नाही.

तू जायच्या दोन दिवस आधी आपण बसस्टँडसमोरच्या टपरीवर बसलो होतो. तू बशीत चहा ओतलास, फुंकर मारलीस आणि बशीकडेच बघत म्हणालास, "मन्या, काई सांगाचं आहे का तुले?"

मी कप खाली ठेवला. "कशाचं?"

"कशाचंबी."

"नाई बा."

"बरं," तू म्हणालास, आणि चहा प्यायलास. मग गल्लीतल्या सचिनच्या नव्या ऑटोबद्दल काहीतरी बोललास, मी हसलो, तूही हसलास. तेच आपलं शेवटचं हसणं.

तिसऱ्या दिवसाची जियारत, कबरीवरची दुआ, झाली आणि चौथ्या दिवशी सकाळी मी तुझ्या घरी सायराभाभींकडे गेलो. तुझी काठी मागायला. ती बांबूची, टोकाला तारेचा चिमटा असलेली, ज्यात तू जळती अगरबत्ती अडकवून डिटेक्टरला धूर द्यायचास. भाभींनी ती दाराआडून काढून दिली, पदराने पुसून. म्हणाल्या, "आंख का आपरेशन ईद के बाद करेंगे बोले थे. मैं बोली, मनोहरभाऊ को साथ ले के जाओ. बोले, वो तो है ही." मी काठी घेतली आणि घाईने निघालो. तिथे आणखी थांबलो असतो तर सगळं बोलून बसलो असतो.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. मोहफुलाचे दिवस. लोकांनी झाडांखालचा पाचोळा पेटवलेला, फुलं वेचायला जमीन साफ व्हावी म्हणून. जंगलात जागोजागी धूर, रस्त्याच्या कडेला काळे पट्टे, एका ठिकाणी तर जाळ पार साइनबोर्डापर्यंत आलेला. दर वर्षी बघतो आपण हे. पण त्या दिवशी प्रत्येक धुराला मला वाटायचं, हा मूलचा. पुढे एक उंच धूर दिसला, सरळ मूलच्याच दिशेला. शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, "बाबाजी, तो धूर कुठला?" तो म्हणाला, "नव्या राईस मिलचा होय ना. रोजचाच त आहे." त्याने मला पाणी प्यायला दिलं. माझा चेहरा कसा दिसत असेल तो बघ.

होस्टेल उभं होतं. पोरी अंगणात केस वाळवत होत्या, परीक्षेचा अभ्यास चाललेला. मी सरळ पॅनेलपाशी गेलो. हिरवा दिवा. तू म्हणायचास, हिरव्या दिव्यावर भरोसा ठेवाचा नाई, तो विचारलं तेवढंच सांगते. किल्ली लावली. दार उघडलं.

माझा रेझिस्टर तिथे नव्हता.

वरच्या मजल्याच्या दोन्ही तारा आपापल्या जागी, घट्ट, टोकं तुझ्या पद्धतीने वळवलेली. दाराच्या कागदावर दिवाळीच्या आठवड्यातली तारीख, तुझं ते मुंग्या चालल्यासारखं अक्षर. काय केलं: वरची लाइन परत चालू. जोडलं: रफीक. तपासलंची चौकट रिकामी.

मी जमिनीवरच बसलो. शालूबाई चहा घेऊन आल्या, त्यांना वाटलं ऊन लागलं. मी विचारलं, "रफीक कधी आला होता?"

"दिवाळीच्या पह्यले. व्हाइट वॉश चालला होता तवा. एकटेच आले, पॅनेल उघडलं, लय वेळ उभे राह्यले. मंग बाजारातून मच्छरदाण्या आणाले लावल्या, खाटीखाटीले खिळे ठोकून देल्ले. घमेलं खाली हिरीपाशी ठेवलं. मले म्हणे, धुनी कराची त इथी करा."

"माझ्याबद्दल काही म्हणाला?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. "म्या सांगाले लागली, भाऊ, मनोहरभाऊचा गुन्हा नाई, म्याच हात जोडले. त म्हणे, बाई, तुमी त्याले काई सांगू नका. त्याचं तो येऊन सांगन. मंग दोघं मिळून येतो, तपासाचं राह्यलं आहे."

म्हणजे तुला सगळं माहीत होतं. दिवाळीपासून. रोज माझ्याबरोबर डबा खाताना, माझ्या मोटरसायकलवर मागे बसताना, टपरीवर बशीत चहा ओतताना. तू माझी वाट बघत होतास आणि मी म्हणालो, नाई बा. रफीक, एक थोबाडीत मारली असतीस तर काय बिघडलं असतं? इतकी सभ्यता कशाला दाखवायची दोस्ताला? मला त्या क्षणी तुझा इतका राग आला की मी पहिल्यांदा रडलो, शालूबाईंसमोर, चहाचा कप हातात धरून.

मग जीव हलका झाला. सहा महिन्यांनी श्वास पूर्ण खाली गेला. पोरी सुखरूप होत्या, लाइन जिवंत होती. मी खिशातून पेन काढलं, तपासलंच्या चौकटीवर टेकवलंसुद्धा. म्हटलं, तू जोडलंय म्हणजे बघायचं काय त्यात! सही करून चारची बस पकडू.

पेन टेकलं आणि हात पुढे जाईना. बघितल्याशिवाय सही नाई, मन्या. हे वाक्य तू इतक्या वेळा म्हटलं आहेस की ते ऐकायला तू लागत नाहीस.

शालूबाईंनी पोरींना अंगणात थांबायला सांगितलं. मी अगरबत्त्या पेटवल्या, काठीला लावल्या आणि वर गेलो. पहिला डिटेक्टर, धूर, जरा वेळ, आणि घंटी. त्या आवाजाने मी इतका दचकलो की काठी पडायची राहिली. खाली पोरी हसल्या. बाईंनी खाली पॅनेलचं बटण दाबून घंटी बंद केली, की दुसरा. मग तिसरा. सहावा वाजला तोवर मी गुणगुणायला लागलो होतो.

सातवा वाजला नाही.

सातवा म्हणजे जिन्याच्या तोंडाशी, जिथे मागची खोली आहे, सहा खाटांची. मी काठी धरून उभा राहिलो. अगरबत्तीची राख माझ्या कपाळावर पडली. दुसरी पेटवली. धूर डिटेक्टरभोवती फिरून जात होता आणि खाली सगळं शांत. बाईंनी जिन्यातून विचारलं, "भाऊ, झालं का?" स्टूल ओढलं, चढलो, हात लावला. त्याच्या तोंडावर प्लास्टिकचं टोपण होतं, आरपार दिसणारं, नव्या डिटेक्टरसोबत येतं ते. बाई म्हणाल्या, चुना पडू नये म्हणून व्हाइट वॉशवाल्यांनी ती जपून ठेवलेली टोपणं आठही डिटेक्टरना घातली होती. सात तू काढलीस. त्या अंधाऱ्या कोपऱ्यात, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, एक तुला दिसलं नाही.

आणि मला दिसलं असतं. हेच, रफीक, हेच मला चार दिवस झोपू देत नाहीये. गेली दोन वर्षं तू तार नाकाशी नेऊन बघायचास आणि मी म्हणायचो, सरक आंधळ्या, इकडे दे. तुझे हात आणि माझे डोळे असंच चाललं होतं आपलं. दिवाळीत मी तुझ्याबरोबर त्या जिन्यावर असतो तर खालूनच ओरडलो असतो, अबे, टोपण राह्यलं. मी नव्हतो, कारण मी तोंड लपवत होतो. लाइन चालू आहे म्हणून तू निर्धास्त, दिवा हिरवा म्हणून बाई निर्धास्त, आणि जिन्याच्या तोंडाशी, जिथून धूर सगळ्यात आधी वर येणार, तिथला डिटेक्टर तोंड बांधून बसलेला. त्या सहा खाटांवरच्या मच्छरदाण्या तू स्वतः बांधलेल्या.

टोपण काढलं. घंटी वाजली. आठवाही वाजला.

मग कागदासमोर बसलो. तुझ्या ओळीत, तपासलंच्या चौकटीत, सही केली आणि त्या दिवसाची तारीख टाकली. तुझ्या आणि माझ्या तारखेत दिवाळी ते मोहफूल एवढं अंतर, ते तसंच राहू दिलं. खाली नवी ओळ लिहिली: सातव्याचं टोपण काढलं. जोडलं: मनोहर. आणि पुढची चौकट आली. माझं काम मीच तपासायचं नाही. मी इकडेतिकडे बघितलं, खरंच बघितलं, सवयीने. शेवटी शालूबाईंना वर नेलं, हातात काठी दिली. त्या स्टुलावर चढल्या, लुगडं खोचून, घाबरत. "मले शॉक त नाई लागन ना, भाऊ?" धूर धरला, घंटी वाजली, आणि त्या लहान पोरीसारख्या हसल्या. त्यांनी चौकटीत सही केली. तुला हे चाललं नसतं. लायसन कुठी आहे बाईचं, असं म्हणाला असतास. पण माझ्याकडे दुसरं कोणी नव्हतं.

यापुढे मी कुठल्याही जुन्या इमारतीत शिरेन, तार जोडेन, मागे वळेन, आणि मागे कोणी नसेल. याची भीती मला वाटते. तुझ्याशिवाय मी चांगला वायरमन नाही, हे मी तुला जिवंतपणी कधी कळू दिलं नाही. तुला ते कळलेलं असणार.

काठी भाभींना परत नेऊन दिली. त्यांनी ती माझ्याच हातात ठेवली. ती आता माझ्या दाराआड आहे.

तू विचारलं होतंस, काई सांगाचं आहे का तुले. होतं, रफीक. पहिली गोष्ट तुला माहीत होती. दुसरी ही, की सातव्याचं टोपण तुझ्याकडून राहिलं होतं. मी काढलं आहे.